पाण्यातल्या महालाचं तिकीट

कवळीमावशी जन्मात गाव सोडून कुठे गेली नव्हती, पण तिचे दात जगभर फिरून आले होते. तिचे म्हणजे तिने केलेले. एका मास्तरांबरोबर ते दूरदेशी नातवाच्या लग्नात हसले, एका गवय्याबरोबर परमुलखात गायले, आणि एक जोडी तर आगगाडीच्या खिडकीतून शिंकेसरशी उडून कुठल्याशा शेतात पडली, ती कायमची. मावशी मात्र आपल्या माडीवर. खाली दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, वर मावशीची खोली, मधे अरुंद लाकडी जिना. "मी काढते, ही घालते," असं डॉक्टरीणबाई पेशंटला सांगायच्या, म्हणजे घाबरलेलं माणूस जरा हसायचं.

खोली लहान पण उजेडाची. खिडकीशी लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, बारीक सुऱ्या. भिंतीवरच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. नवखं माणूस आत आलं की दचकायचं. मावशीला ते जबडे शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे होते. हा उजवीकडून चावतो, ही दात खाते, याचा स्वभाव हट्टी पण जबडा गरीब, हे तिला न सांगता कळायचं.

हा उद्योग तिने वडिलांकडून उचलला. लग्नाचं राहून गेलं. म्हणजे बाजारातून मीठ आणायचं राहून जावं तसं, असं ती सांगायची. नंतर आठवण झाली तेव्हा दुकानं बंद झाली होती. घरी ती आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ बसवर कंडक्टर होता. निवृत्त झाला, बायको आधीच गेलेली, मग ताईकडे राहायला आला तो आलाच. बोलण्यातली कंडक्टरी मात्र गेली नाही. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर आली तरी "पुढे सरका, पुढे जागा आहे," म्हणायचा.

मावशीची एक खोड होती. हात कामात असले की मन उठून चालू लागायचं. मेण मऊ झालं, दिव्याची निळी ज्योत स्थिर झाली, की ती कुठल्या कुठे जायची. हात बिनचूक चालायचे. मावशी तिथे नसायची. जेवताना असं झालं की भाऊ वाटीवर चमचा वाजवून म्हणायचा, "ताई, उतरा आता. शेवटचा स्टॉप."

एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी खालून हाक मारली, "मावशी, जरा रंग बघायला येता का?"

खुर्चीत एक उंच, काटकुळे, उन्हाने रापलेले आजोबा बसले होते. तोंडाचं पार बोळकं. मावशीने नमुन्याच्या दातांची पट्टी त्यांच्या ओठांशी धरली. आजोबांनी मान हलवली. दुसरी छटा धरली. पुन्हा नाही. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या चकचकीत फरशीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "फरही नको."

"फरशीसारखे पांढरे नकोत म्हणतात," मावशी म्हणाली.

आजोबांनी जोरात मान डोलावली. खिशातून एक चपटी डबी काढली, आणि डबीतून पोस्टाचं एक जुनं तिकीट. तळहातावर ठेवून त्याच्या कडेवर नख टेकवलं. "ह्या रंगाचे."

तिकिटाचा कागद कधीकाळी पांढरा असावा. आता त्याला साय आलेल्या दुधासारखा, किंचित पिवळसर उबदार रंग चढला होता. मावशी बघतच राहिली. इतक्या वर्षांत दातांसाठी इतका नेमका रंग कुणी मागितला नव्हता.

"कुठलं हो हे तिकीट, आजोबा?"

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर करून पाण्यावरून काहीतरी सरकत जावं तसा हवेतून फिरवला, आणि म्हणाले, "राज्य, हं!"

"राज्य?"

"राज्य, हं!" पुन्हा तोच हात, तीच ऐट.

तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे बोळक्या माणसाला वेडावून दाखवल्यासारखंच. मावशी म्हणाली, "बरं बरं, राज्य." रंग जुळवायला तिकीट ठेवून घेतलं आणि मेणात लावलेले दात घालून बघायला आजोबांना पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यात आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टरीणबाईंकडे निरोप आला की त्यांना ताप भरलाय, लेक आपल्या घरी घेऊन गेलीय, बरे झाले की येतील. गुलाबी मेणातले सायीच्या रंगाचे दात फळीवर उपड्या पेल्याखाली वाट बघत राहिले. आणि तिकीट मावशीच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, काचेच्या बशीत.

ती त्याच्याकडे बघायची आणि बघता बघता आत शिरायची.

तिकीट करड्या-निळ्या शाईत छापलेलं. खाली बारीक आडव्या रेघा, म्हणजे उघडच पाणी. त्यातून वर गेलेलं काहीतरी उंच. मधोमध पोस्टाचा काळा शिक्का असा दणकून बसलेला की अर्धं चित्र त्याने खाल्लं होतं. कडेला वेलबुट्टी, एका कोपऱ्यात पाचाचा आकडा. मावशीच्या मते पाण्यातून वर गेलेला तो महालाचा बुरूज होता. राज्य म्हटलं की महाल आलाच, आणि महाल पाण्यात असेल तर किती छान.

मग त्या राज्यात हळूहळू वस्ती होऊ लागली. महालाला दार नव्हतं, धक्का होता. येणारा नावेतूनच यायचा. वरच्या खिडक्यांतून टोपल्या सोडलेल्या असायच्या, पत्रं त्यांत टाकायची आणि घंटा वाजवायची. राजा उतारवयाचा होता. संध्याकाळी शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचा, आणि प्रधान काही महत्त्वाचं सांगायला आला की म्हणायचा, "तूही सोड पाय." कपडे बुरुजाबुरुजांमधल्या दोरीवर वाळायचे, आणि त्यांची सावली पाण्यात डुलायची. तिथे कुणाचेही दात दुखत नसत. मावशीला तिथे तरी काम करायचं नव्हतं.

"हे आहे तरी कुठे?" एकदा तिने भावाला तिकीट दाखवून विचारलं.

भावाने चष्मा कपाळावर सरकवला, तिकीट नाकाशी धरलं, उलटसुलट केलं. "आपल्या मार्गावर नाही," म्हणाला. मग ताईचा चेहरा बघून जरा गंभीर झाला. "वाचनालयात विचार ना. तिकिटं जमवणाऱ्यांची जाडजूड पुस्तकं असतात तिथे. आमचा डेपो मॅनेजर रविवार रविवार त्यांतच डोकं घालून बसायचा."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटाशेजारी, ते कॅटलॉग होते. कापडी बांधणीचे, उशीएवढे जाड, कडा मळून मऊ झालेल्या. ग्रंथपालबाई नीटस, कमी बोलणाऱ्या, बोटांना सतत डिंक लागलेला. त्यांनी विचारलं, "कुठल्या देशाचं बघायचंय?"

"तेच तर बघायचंय."

"यात देशांच्या नावांप्रमाणे लावलेलं असतं, मावशी. नाव ठाऊक असलं तर सापडतं."

"म्हणजे माणसाचं नाव माहीत असलं तरच त्याचं नाव विचारायचं?"

ग्रंथपालबाई हसल्या. त्यांनी खुर्ची ओढली, मावशीने बशीसकट आणलेल्या तिकिटावर भिंग धरलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "छान आहे हो."

तिथून पुढे मावशी दवाखाना बंद असेल त्या दुपारी वाचनालयात जाऊ लागली. सगळे देश बघणं काही खरं नव्हतं, पण राज्यं वेगळी काढता येत होती. छोटी राज्यं, बुडालेली राज्यं, दुसऱ्यांत विरघळून गेलेली राज्यं. पानापानांवर टपोऱ्या नखाएवढी चित्रं, खाली बारीक आकडे: कुठल्या साली निघालं, कुठल्या रंगात, कागद कसा, दाते किती. तिकिटाच्या कडेला जी कातर असते तिला दाते म्हणतात हे कळल्यावर मावशीला फार बरं वाटलं. म्हणजे आपण अगदीच परक्यांत आलो नाही.

शोध लवकर पुढे सरकेना, याला थोडी मावशीच जबाबदार होती. एखादं तिकीट बघून पुढे जायचं, तर ती तिथेच उतरायची. पान उलटलं की वाळवंट. तिथल्या उंटावर बसून ती दोन चित्रं पुढे जायची. मग बर्फाचे डोंगर, मग एक दाढीवाला राजा, ज्याचा खालचा जबडा मागे होता आणि कलाकाराने तो दाढीत लपवला होता. मावशीला तो तिकिटावरूनही दिसला. खिडकीबाहेर रस्त्याची वर्दळ चालू असायची, पंखा हळू फिरायचा, ग्रंथपालबाई पुस्तकांच्या पाठींवर चिठ्ठ्या डकवत असायच्या, आणि मावशी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जात असायची. पाण्यातला महाल एकदा सापडला, पण तो हिरवा निघाला आणि त्याला घुमट होता. एकदा दीपस्तंभ सापडला. मावशीने त्याच्याकडे जरा आशेने बघितलं, मग स्वतःच म्हणाली, "छे, हा एकटा आहे. माझ्याकडे वस्ती आहे."

ग्रंथपालबाईंनी या "वस्ती"बद्दल काही विचारलं नाही. पण एका दुपारी त्या स्वतःचं काम बाजूला ठेवून आल्या. "मावशी, एक वेगळं करून बघू या? चित्र विसरा. नुसता कागद बघू."

त्यांनी तिकीट चिमट्याने उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरलं. कागदाच्या आत, शाईच्या मागे, फिकट उजळ रेषा दिसल्या. एक शेपटी, थोडे खवले.

"मासा!" मावशी म्हणाली.

"अर्धा. उरलेला शेजारच्या तिकिटावर गेला असणार. हे सरकारी जलचिन्ह वाटत नाही मला. सरकारी असतं ते मुकुट, चांदण्या, असलं काहीतरी. हा साधा लिहायचा कागद असेल, गिरणीची खूण असलेला." मग त्यांनी दाते मोजायची पट्टी लावली. तिकीट पट्टीवर वरखाली सरकवलं, कुठेच बसेना. "आणि हे बघा. भोकं किती दूर दूर आहेत, आणि सारखीही नाहीत. छापखान्यातलं यंत्र असं काम करत नाही."

मावशीने भिंगातून पाहिलं. दात असते तर तिने परत पाठवले असते. "मग कशाने पाडलीत?"

"शिवणयंत्राने. दोरा न ओवता कागद सुईखालून चालवायचा. घरगुती काम."

"राज्यात छापखाना नव्हता?"

ग्रंथपालबाईंनी पट्टी बाजूला ठेवली. मावशीकडे न बघता त्या खालच्या फळीपाशी वाकल्या आणि जाड कॅटलॉगांच्या मागे सारलेलं एक पातळ पुस्तक काढून आणलं. "कदाचित राज्यच नसेल, मावशी. जिथे सरकारचं पोस्ट पोचायचं नाही तिथे लोक आपापलं टपाल चालवत. डोंगरावरची हॉटेलं, छोट्या आगगाड्या, होड्या. त्यांची तिकिटं यात आहेत."

मावशीला एकदम वाटलं, नको. घरी जावं, चहा करावा. पण हात पुढे गेलाच. पुस्तक पातळ होतं. होड्यांची पानं तर त्याहून थोडी. करड्या-निळ्या रंगाचं ते चित्र एका पानाच्या तळाशी होतं. शिक्का नसलेलं, स्वच्छ, आणि पूर्ण.

तो बुरूज नव्हता. धुराडं होतं. पाण्यावर एक छोटी वाफेची बोट होती, नाकाड वर केलेली, आणि कडेची वेलबुट्टी म्हणजे नुसती लफ्फेदार अक्षरं होती. खाली दोन ओळींची माहिती: तळ्याच्या दोन काठांमधली टपालाची बोट, काही वर्षं चालली, काठाने रस्ता झाल्यावर बंद. बोटीचं नाव राजहंस.

मावशीने ते नाव मनात म्हटलं. मग दात नसल्यासारखे ओठ आत ओढून हलकेच म्हणून बघितलं. आणि तिला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला. "राज्य, हं! अहो, राजहंस म्हणत होते ते! राजहंस! आणि मी मेली राज्य शोधत बसले!" ग्रंथपालबाईंना सगळं ऐकवावं लागलं, रंगाचं, फरशीचं, हवेतून फिरलेल्या हाताचं. त्याही इतक्या हसल्या की खालून कुणीतरी शूः केलं.

घरी जाताना मात्र हसू ओसरलं. रस्त्यात दिवे लागायचे होते, दुकानदार दारात उभे होते. तिला त्या राजाची काळजी वाटू लागली. आता तो पाय कुठे सोडून बसणार?

"सापडलं?" भावाने दारातच विचारलं.

"सापडलं." ती चपला काढत म्हणाली. "आणि गेलं."

भावाने त्यावर विनोद केला नाही. त्याने चहा टाकला.

आजोबा आले ते उन्हाळा सरता सरता, आणखी काटकुळे होऊन, लेकीचा हात धरून. मेणातले दात घालून बघितले, चांगले बसले, मग पक्के केले. ते तोंडात बसवले त्या दिवशी मावशी स्वतः खाली आली. आजोबांनी आरशात बघितलं. त्या रापलेल्या चेहऱ्यात ते सायीच्या रंगाचे दात असे दिसत होते, जसे काही कधी पडलेच नव्हते.

"बोला बरं काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय बोलू?" आजोबा म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थबकले. लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले.

मावशीने काचेची बशी पुढे केली. "आजोबा, तुमचा राजहंस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. मला ऐकू यायला जरा उशीर झाला."

मग आजोबा जे बोलू लागले, ते दवाखान्यातली पुढची दोन माणसं कंटाळून पेपर वाचू लागेपर्यंत. बोट त्यांच्या वडिलांची. सकाळी या काठावरून त्या काठाला, संध्याकाळी परत. माणसं, कोंबड्या, औषधं, पत्रं. तिकिटांचे कागद गावातला एकजण लाकडी ठशाने छापून द्यायचा, आणि आई दुपारी शिवणयंत्रावर बसून त्यांना भोकं पाडायची.

"दोरा न ओवता," मावशी म्हणाली.

"दोरा न ओवता! आणि चिकटवायचं काम माझं. जीभ लावून. डिंक आईच शिजवायची, त्यात साखर घालायची, म्हणून मी कुरकुर करायचो नाही. बापाला वाटायचं पोरगा कामसू आहे." आजोबा हसले, अगदी सगळे दात दाखवून. "माझे दात पहिल्यांदा किडले ते त्या डिंकानेच, बघा."

तिकीट त्यांनी परत घेतलं नाही. ते म्हणाले, "तुमच्याकडे राहू दे. माझ्याकडे आता तोंडात आहे तो रंग."

मावशीने आयुष्यात कुणाला आपल्या फिरण्याबद्दल सांगितलं नव्हतं. भावाला ठाऊक होतं, पण तिने सांगितलं म्हणून नव्हे. त्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून तिने आजोबांना महाल सांगितला, टोपल्या सांगितल्या, राजा सांगितला. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या. आजोबा हसतील असं तिला वाटलं. ते भुवया आवळून ऐकत राहिले, जसं एखादा आपल्या गावची खबर ऐकतो. मग म्हणाले, "टोपल्या दोऱ्यांनी सोडल्या होत्या, की साखळ्यांनी?"

"दोऱ्यांनी."

"तेच बरं. पाण्यात साखळी गंजते."

नंतर आजोबा अधूनमधून येत राहिले. हिरडीला कुठे लागतंय म्हणायचे, मावशी बघायची, कुठेच लागत नसायचं. ती खुर्ची पुसून द्यायची आणि कामाला लागायची. आजोबा तळ्याबद्दल बोलायचे, ती महालाबद्दल. कधी दोन्ही एकमेकांत मिसळायचं. राजाला एकदा खोकला झाला तेव्हा औषधाच्या बाटल्या राजहंसवरूनच गेल्या. डॉक्टरीणबाई खालून ओरडायच्या, "आजोबा, तुमच्या दातांना काय झालंय तरी काय?" आणि आजोबा वरून म्हणायचे, "काही नाही, सवय करतोय!"

पुढच्या हिवाळ्यात मावशीने भावाला विचारलं, "तळ्याला बस जाते का रे?"

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "दोन बदलाव्या लागतात," तो म्हणाला, आणि आत जाऊन आपली जुनी पिशवी झटकून आणली.

आजोबांना त्यांच्या लेकीने इतक्या थंडीत सोडलं नाही, म्हणून दोघंच गेली. तळं होतं. कॅटलॉगात लिहिल्याप्रमाणे काठाने रस्ता होता, आणि रस्त्यावर ट्रक. धक्क्याच्या जागी चार दगड उरले होते, त्यावर एक बाई सतरंजी धूत होती. धुकं पाण्यावरून उठायच्या बेतात होतं आणि उठत नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मावशी एका दगडावर बसली. भावाने टाइमटेबलाचा फलक शोधून काढला आणि त्यातली चूक सतरंजीवाल्या बाईला समजावून सांगू लागला.

मावशीला वाटलं होतं, वाईट वाटेल. पण थंड हवा नाकात जात होती, चपलेखाली वाळू करकरत होती, आणि तिला नुसतं बघावंसं वाटत होतं. तिने गाव सोडलं होतं आणि काहीही बिघडलं नव्हतं. पाणी दगडाशी येऊन परत जात होतं.

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकी तिला देऊन लगेच झोपला. एका वळणावर, उतारावर, एक एकटं घर लागलं. हिरवं दार, छपरावर एक खुर्ची, आणि अंगणात ओळीने उलटे ठेवलेले कितीतरी मातीचे घडे. बस क्षणभर हळू झाली. इतके घडे कुणाला लागत असतील, आणि छपरावर खुर्ची घालून कोण बसत असेल, असं मावशीच्या मनात आलं. बस पुढे गेली, पण ती तिथे उतरली होती, आणि हिरवं दार आतून कुणीतरी उघडत होतं.